गोटीच्या पोटातली पाकळी

हा लेख गोट्यांवर आहे. हसू नका. शेवटपर्यंत वाचलात तर यात उष्णता संक्रमण, पदार्थविज्ञान आणि एका मित्राच्या भुवईवरचे दोन टाके, असं तिन्ही सापडेल. टाक्यांचा भाग आमच्या रेक्टर सरांनी जरूर वाचावा, कारण त्या रात्री मी त्यांना खरं सांगितलं नव्हतं.

सुरुवात झाली गड्ड्याच्या यात्रेत. संक्रांतीला आम्ही चौघे गावी न जाता हॉस्टेलवरच राहिलो होतो. होम मैदानावर पाळणे, भाग्यश्री सोडत, बत्तासे सगळं पाहून झालं आणि एका खेळण्यांच्या दुकानात जाळीच्या पिशवीत गोट्या दिसल्या. तिसऱ्या वर्षाला असलेली चार घोडी, पण पिशवी घेतलीच! आमच्यात एक अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा. तो म्हणे 'गोली'. वर्गातला तेलुगू घरातला मित्रही 'गोली'च म्हणतो. आम्ही दोघे गोटीवाले. नावावरून वाद झाला नाही. वाद झाला वेगळाच.

पारदर्शक गोटीच्या पोटात जी रंगीत पाकळी असते, ती आत जाते कशी?

एक म्हणाला, दोन अर्ध्या वाट्या चिकटवतात. (मग जोड कुठाय?) दुसरा म्हणाला, इंजेक्शनने रंग सोडतात. (मग भोक कुठाय?) तिसऱ्याने "असेल काहीतरी मोल्डिंग" असं म्हणून विषय संपवला. आपण इंजिनिअर होणार आणि लहानपणापासून खिशात वागवलेली वस्तू कशी बनते ते चौघांपैकी एकालाही माहीत नाही, हे मला रात्रभर टोचत राहिलं.

काका

माझ्या ओळखीचे एक काका एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात 'ग्लास ब्लोअर' होते. तुटलेले कंडेन्सर जोडणं, नळ्या वाकवणं, फ्लास्कला नवी मान बसवणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आता निवृत्त झालेत. त्यांच्या जागी कुणी आलेलं नाही. फुटलेलं काचसामान आता फेकतात आणि नवीन मागवतात. घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काकांनी स्वतःचा पितळी बर्नर, गॅसची टाकी आणि हवेचा छोटा कॉम्प्रेसर ठेवला आहे.

"काका, गोटी करून दाखवाल?" असं विचारल्यावर ते आधी हसले. मग म्हणाले, "अरे, गोटी सोपी वाटते. नळी वाकवायला आठवड्यात शिकशील. गोल गोळा करायला हात लागतो." नंतर त्यांनी माझ्या हातात दोन पेनं दिली आणि मध्ये सोलापुरी नॅपकिनचं एक एक टोक बांधायला लावलं. म्हणाले, "दोन्ही हातांनी पेनं फिरव. नॅपकिनला पीळ पडता कामा नये. जमलं की ये."

मला दहा दिवस लागले. मेसमध्ये जेवणाची वाट पाहत पेनं फिरवत बसलेला मुलगा तुमच्यापैकी काही जणांनी पाहिला असेल. तो मीच.

गोल कशी होते?

काचेला पाण्यासारखा ठरावीक वितळणबिंदू नसतो. बर्फ शून्य अंशाला वितळतो, त्याच्या खाली घन, वर द्रव. काच मात्र तापवत गेलं की हळूहळू मऊ होत जाते. बांगड्या, बाटल्या, खिडक्यांची जी साधी सोडा-चुना काच असते ती साधारण ५५० अंश सेल्सिअसला हाताला कडक वाटते, पण आतल्या आत थोडी 'सैल' झालेली असते. सव्वासातशेच्या आसपास स्वतःच्या वजनाने वाकू लागते आणि हजाराच्या आसपास घट्ट काकवीसारखी वागते. आपलं काम या शेवटच्या टप्प्यात.

काचेची सळई ज्योतीत धरली की टोकाला लाल थेंब जमा होतो. पृष्ठताण त्याला गोल करायला बघतो, गुरुत्वाकर्षण खाली ओढतं. जिंकतं कोण? हे थेंबाच्या आकारावर ठरतं. काचेचा पृष्ठताण पाण्याच्या चौपट, म्हणजे सुमारे ०.३ न्यूटन प्रतिमीटर, आणि घनता पाण्याच्या अडीचपट. गणित केलं तर उत्तर येतं साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. थेंब त्याहून लहान असेल तर पृष्ठताण जिंकतो आणि मणी आपोआप गोल होतो. पण खेळायची गोटी असते १६ मिलिमीटरची. तिथे गुरुत्वाकर्षण जिंकतं आणि गोळ्याचा पेरू होतो.

उपाय एकच, सतत फिरवत राहणं. जो भाग खाली लोंबणार तो लोंबायच्या आत वर आला पाहिजे. म्हणून ती पेनांची शिक्षा!

फिरवून गोळा साधारण गोल झाला की तो साच्यात टेकवून फिरवायचा. साचा म्हणजे ग्राफाइटच्या ठोकळ्यातला उथळ वाटीसारखा खळगा. ग्राफाइटला गरम काच चिकटत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये ई.डी.एम. मशीनचा वापरून झालेला ग्राफाइट इलेक्ट्रोड भंगारात पडला होता. वर्कशॉपच्या सरांची परवानगी घेऊन मिलिंगवर गोल टोकाच्या कटरने त्यात खळगा पाडला. खळगा पूर्ण अर्धगोल नको. उथळ हवा आणि गोटीपेक्षा किंचित मोठ्या त्रिज्येचा हवा, नाहीतर कडेची रेघ गोटीवर उमटते. हे अर्थात पहिला साचा वाया गेल्यावर कळलं.

आता प्रश्न सळईचा. गोटी तिच्या टोकाला चिकटलेली आहे. मग दुसरी सळई गरम करून गोटीच्या विरुद्ध बाजूला हलकेच चिकटवायची आणि पहिल्या सळईचा सांधा ज्योतीत वितळवून ओढून तोडायचा. राहिलेलं शेपूट वितळवून पृष्ठभागात जिरवायचं, पुन्हा साच्यात फिरवायचं. दुसरी सळई मात्र मुद्दाम थंड सांध्याने जोडलेली असते. शेवटी एक टिचकी, की गोटी सुटते. सुटल्याचा बारीकसा डाग राहतो, त्यावर क्षणभर ज्योत मारली की तो मिटतो.

हाताने केलेल्या जुन्या गोट्यांवर असे डाग दिसतात. जर्मनीतल्या थुरिंगिया भागात लाउशा नावाचं काचकामाचं गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गोटीसाठी खास कात्री निघाली. एका टोकाला वाटी, दुसऱ्या टोकाला पातं. रंगीत काचेच्या कांडीचं गरम टोक वाटीत फिरवायचं आणि कापायचं. संग्राहक आज त्या गोट्यांवरचा कापल्याचा डाग शोधतात, कारण यंत्राच्या गोटीला तो नसतो. यंत्र आलं अमेरिकेत. ॲक्रन गावच्या मार्टिन क्रिस्टेन्सनला १९०५ साली त्याचं पेटंट मिळालं. खाचा असलेल्या फिरत्या चाकांमध्ये गरम काचेचा गोळा सर्व बाजूंनी लोळत राहतो आणि लोळता लोळता गोल होऊन थंडही होतो. म्हणजे यंत्रही शेवटी काय करतं? फिरवतं.

पाकळी आत कशी जाते?

उत्तर आहे: पाकळी आत 'जात'च नाही. ती आधीपासून तिथेच असते, पारदर्शक काच तिच्याभोवती येते. कारखान्यात भट्टीतून पडणाऱ्या पारदर्शक काचेच्या धारेतच रंगीत काचेची बारीक धार सोडतात. मग त्या धारेचे तुकडे कापले जातात आणि प्रत्येक तुकडा लोळून गोटी होते. पाकळीची दोन टोकं गोटीच्या दोन ध्रुवांकडे जातात ती त्यामुळे. अशा पाकळीवाल्या गोट्या १९५० च्या दशकात जपानने जगभर पोचवल्या.

हाताने करताना पारदर्शक गोळ्यावर रंगीत काचेचे बारीक धागे उभे चिकटवायचे, वितळवून जिरवायचे आणि वरून पुन्हा पारदर्शक काच गुंडाळायची. दोन्ही टोकांना सळई असताना एक हात थांबवून दुसरा फिरवला की धाग्यांना पीळ पडतो आणि मळसूत्रासारखी नक्षी तयार होते. (नॅपकिनला पडू द्यायचा नव्हता तो पीळ इथे मुद्दाम द्यायचा.) रंग म्हणजे धातूंचे क्षार. कोबाल्टने निळा, लोखंडाने बाटलीचा हिरवा, मँगनीजने जांभळा. तांब्याचं मोठं गमतीचं आहे. ज्योतीत हवा भरपूर असेल तर निळसर हिरवा, गॅस जास्त असेल तर लालसर.

रंगासाठी मी फुटक्या बांगड्या आणल्या आणि पारदर्शक भागासाठी प्रयोगशाळेतली तुटकी बोरोसिलची सळई. काका म्हणाले, "कर, बघ." सळई वितळवायला काकांच्या बर्नरचा जीव जात होता, कारण ही काच साध्या काचेहून बरीच उशिरा मऊ होते आणि तिला खरं तर ऑक्सिजनची ज्योत लागते. गॅस आणि हवेच्या ज्योतीचं तापमान दोन हजार अंशांच्या आत राहतं, ऑक्सिजन दिला की ते २८०० पर्यंत जातं. कशीबशी गोटी झाली. सुंदर दिसत होती. निवताना तिने स्वतःच टिक् टिक् आवाज करत भेगा पाडून घेतल्या.

कारण सोपं आहे. बोरोसिलिकेट काच दर अंशाला दशलक्षात ३.३ भाग प्रसरण पावते, तर बांगडीची काच सुमारे ९ भाग. निवताना बांगडी तिप्पट आकसणार, बाहेरची काच तिला आकसू देणार नाही. भांडण अटळ!

दोन काचा एकमेकींना चालतील का, हे पाहायची एक जुनी युक्ती काकांनी शिकवली. दोन्ही काचांचे तुकडे शेजारी शेजारी वितळवून जोडायचे आणि त्यांचा लांब धागा ओढायचा. धागा थंड झाल्यावर सरळ राहिला तर जोडी जमते. वाकला तर जी काच जास्त आकसते ती वाकाच्या आतल्या बाजूला असते. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधली द्विधातू पट्टी आठवली? तेच तत्त्व, फक्त फुकटात. मी आणलेल्या अकरा प्रकारच्या बांगड्यांपैकी चारच माझ्या मऊ काचेच्या सळईशी जमल्या.

भुवई

आता मुख्य गोष्ट. सरावानंतर मी एक मोठी गोटी केली, २८ मिलिमीटरची. आमच्याकडे मोठ्या गोटीला ढब्बू म्हणतात. निळे धागे, मस्त पीळ. काका म्हणाले, "राखेच्या डब्यात ठेवून जा, उद्या बघू." मला धीर कुठला! थोडी राखेत ठेवली, कोमट झाल्यासारखी वाटली तशी रुमालात गुंडाळून हॉस्टेलला आणली. दोन दिवस ती टेबलावर मिरवली. तिसऱ्या रात्री माझ्या रूममेटने तिच्यावर दुसऱ्या गोटीने नेम धरला, लहानपणी धरायचो तसाच. टक् असा आवाज झाला, ढब्बू फुटला आणि एक कपची उडून त्याच्या डाव्या भुवईत घुसली. डोळ्यापासून बोटभर अंतरावर.

दोन टाके पडले. रेक्टर सरांना मी सांगितलं की पाण्याचा ग्लास फुटला. रूममेटनेही मला सांभाळून घेतलं. सर, ग्लास फुटला नव्हता.

ती का फुटली हे समजून घेतल्याशिवाय मला काकांसमोर जायची हिंमत होईना. मग पुस्तकं उघडली. काच ही उष्णतेची वाईट वाहक आहे. तिची वाहकता सुमारे १, तर पोलादाची ५० च्या आसपास. गोटी निवते तेव्हा कातडी आधी थंड होते, पोट गरमच राहतं. पोटाला थंड व्हायला लागणारा वेळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १६ मिलिमीटरच्या गोटीला हा काळ सव्वादोन मिनिटांच्या घरात येतो, २८ मिलिमीटरच्या ढब्बूला जवळजवळ सात मिनिटं. म्हणून लहान गोट्या बऱ्याचदा निभावून जातात आणि माणूस फसतो.

साध्या काचेच्या कातडीत आणि पोटात नुसता ५० अंशांचा फरक पडला तरी हिशोबाने ४० मेगापास्कलपर्यंत ताण येऊ शकतो. नेहमीची, बारीक ओरखडे असलेली काच एवढ्या ताणाला फुटू शकते. बोरोसिलिकेटमध्ये त्याच फरकाला ताण तिसरा हिस्साच येतो, प्रयोगशाळेत ती वापरतात ती त्यामुळेच.

बरं, गोटी निवताना फुटली नाही म्हणजे सुटलो का? नाही. कातडी आधी कडक झाली, पोट नंतर आकसलं. आता आकसणारं पोट कातडीला आत ओढतं आणि स्वतः ताणात राहतं. खोलीच्या तापमानाला आल्यावरही हा ताण कायमचा आत कोंडलेला असतो. बाहेरून काहीच दिसत नाही. मग एखादा ओरखडा किंवा टोला कातडी भेदून आत पोचला की सगळी कोंडलेली ऊर्जा एकदम मोकळी होते. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकून 'प्रिन्स रुपर्टचे थेंब' करतात, त्यांची शेपटी मोडली की अख्ख्या थेंबाचा भुगा होतो. माझा ढब्बू त्याचाच मवाळ भाऊ होता.

यावरचा इलाज म्हणजे ॲनीलिंग, साध्या भाषेत सावकाश निववणं. साध्या काचेला ५४० अंशांच्या आसपास ठेवलं तर आकार बिघडत नाही, पण कोंडलेला ताण काही मिनिटांत विरतो. गोटी गरम असतानाच भट्टीत टाकायची, तासभर त्या तापमानाला ठेवायची, मग मिनिटाला एक-दोन अंश अशा गतीने ४५० पर्यंत उतरवायची आणि भट्टी बंद करून दार न उघडता रात्रभर सोडून द्यायची. राखेचा डबा निवणं मंद करतो, पण ५४० ला धरून ठेवत नाही. छोट्या मण्याला राख चालते, ढब्बूला नाही. आणि मी तर राखेतूनही अर्ध्यात काढला होता.

ताण डोळ्यांनी पाहायचाय? लॅपटॉपचा पांढरा पडदा लावा, कारण एल.सी.डी.तून येणारा प्रकाश ध्रुवित असतो. समोर पोलरॉइड गॉगलची काच धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा. मध्ये गोटी धरा. ताण नसेल तर गोटी काळीच राहते, असेल तर उजळ पट्टे आणि फुलीसारखी आकृती दिसते. गोल गोटी भिंगासारखी वागून घोटाळा करते, म्हणून ती शेंगदाणा तेलाच्या ग्लासात बुडवून पाहा. तेलाचा अपवर्तनांक काचेच्या जवळचा असल्याने भिंगाचा परिणाम बराच कमी होतो. शेंगांचं तेल सोलापुरात मिळणार नाही असं कुणी म्हणू नये!

आपल्याकडची काच

हे सगळं परदेशी लोकांचं, असं वाटत असेल तर जरा तेरला जाऊन या. सोलापूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इथल्या उत्खननात सातवाहन काळातले काचेचे मणीही सापडले आणि तिथल्या लामतुरे संग्रहालयात जुन्या वस्तू मांडल्या आहेत. विसाव्या शतकात एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावला १९०८ साली काच कारखाना निघाला. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर आपल्या आजोबांच्या घरात असायचाच. आणि यात्रेत आपण फोडतो त्या गोटी सोड्याची बाटली? हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने तिचं पेटंट १८७२ साली घेतलं. आतल्या वायूच्या दाबाने गोटीच बूच होते. झाकण म्हणून दाब सोसणारी तीही गोटीच.

करून बघायचंच असेल तर

पहिलं, हॉस्टेलच्या खोलीत अजिबात नाही. गॅसची टाकी, गादी आणि पंखा एका खोलीत नको. दुसरं, चष्मा. काच तापली की सोडियममुळे पिवळा झळाळ येतो आणि कामच दिसत नाही. डिडिमियमची काच तो पिवळा प्रकाश गाळते. पण ती अवरक्त किरण पुरेसे अडवत नाही, मोठ्या कामाला वेल्डिंगच्या शेडची जोड लागते. वर्षानुवर्षं भट्टीकडे पाहणाऱ्या काच कारागिरांना मोतीबिंदू होतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. आमच्या काकांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. "आमच्या वेळी कोण चष्मा देत होतं," एवढंच ते म्हणाले. तिसरं, सुती कपडे घाला, नायलॉन नको. चौथं, गरम काच आणि थंड काच दिसायला सारखीच असते. खाली ठेवलेलं काहीही पटकन उचलू नका.

आणि पाचवं, ॲनीलिंग झाल्याशिवाय गोटी कुणाच्याही हातात देऊ नका.

मी शेवटी काकांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. खूप वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "डोळा वाचला ना? मग आता नीट शीक." सरांच्या परवानगीने मटेरियल्स लॅबची मफल भट्टी एका रात्रीसाठी मिळाली. काकांच्या शेडमध्ये निवलेल्या पाच गोट्या सकाळी भट्टीत ठेवून सावकाश ५४० पर्यंत चढवल्या आणि रात्रभर उतरवल्या. पाचातली एक चढतानाच तडकली. उरलेल्या चार तेलाच्या ग्लासात काळ्याकुट्ट दिसल्या. इतका आनंद मला कुठल्या निकालानेही झाला नव्हता!

त्यातली निळ्या पिळाची गोटी रूममेटला दिली. त्याने ती आधी लॅपटॉपसमोर धरून स्वतः तपासली आणि मगच खिशात टाकली.

काका रविवारी सकाळी शिकवायला तयार आहेत. त्यांच्यानंतर हे काम करणारं माझ्या माहितीत दुसरं कुणी नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी मला मेसमध्ये गाठावं. येताना दोन पेनं आणि एक नॅपकिन आणावा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी